रडवणाऱ्या मावशीची हिरवी बाही

कुणी गवंडी असतं, कुणी न्हावी, कुणी मढ्यासाठी पेट्या करतं. मावशी पोरं रडवायची. तेच तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं.

सिनेमात तान्हं पोर रडताना दिसतं, ते काही कागदावर 'बाळ रडते' असं लिहिलंय म्हणून रडत नाही. पोराला कागद कळत नाही. त्याला कुणीतरी रडवावं लागतं, वेळेवर रडवावं लागतं, तोंड दिव्याकडे ठेवून रडवावं लागतं. आणि दिग्दर्शकाचं समाधान झालं की चुटकीसरशी गप्पही करावं लागतं, कारण पुढच्या शॉटला तेच पोर खिदळत असतं. हे सगळं मावशी करायची. ती नेमकी कुणाची मावशी, हे कुणी विचारलं नाही. पहिल्या दिवशी कुणीतरी तशी हाक मारली आणि नाव-आडनाव, बाकीचं जे काय असेल ते गळून पडलं.

मूळची ती गुराख्याची लेक. बाप दुसऱ्यांची गुरं सांभाळायचा. वासरू मेलं की गाय पान्हा चोरते. सड भरलेले, पण दूध सोडत नाही. मग बाप त्या मेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरायचा आणि ते सोंग गाईपुढे उभं करायचा. गाय त्याला हुंगायची, चाटायला लागायची, आणि खाली भांड्यात धार वाजायची. सहा-सात वर्षांची असताना पोरीनं विचारलं होतं, "बाबा, तिला कळत नाही का हे खोटं आहे?"

बाप धार काढता काढताच म्हणाला, "कळतं की. पण जीभ ऐकत नाही."

स्टुडिओत ती आली ती कपडे धुवायला. नवरा लवकर गेला. एक पोर झालं होतं, ते चार महिन्यांचं होऊन गेलं. त्यावर ती बोलायची नाही, म्हणून आपणही बोलायला नको. एकदा सेटवर एका तान्ह्यानं आकांत मांडला. खुळखुळे झाले, शिट्ट्या झाल्या, एका जाड्या नटानं जमिनीवर लोळून दाखवलं, पोर आणखीच भडकलं. मावशी ओल्या हातानंच आत आली, पोराचं डोकं हनुवटीखाली घेतलं आणि गळ्यातल्या गळ्यात घुमल्यासारखा आवाज काढला. पोर शांत.

दिग्दर्शक म्हणाला, "मावशी, बंद केलंत तसं परत चालू करता येईल?"

"नळ आहे का तो?" मावशी म्हणाली. माणसं हसली. पण तिनं करून दाखवलं. पोराला छातीपासून हातभर लांब धरलं आणि स्वतःची मान दुसरीकडे फिरवली. बास, एवढंच. पोर फुटलं. त्या दिवसापासून तिचं धुणं सुटलं.

तिच्या आधी या धंद्यात चिमटे काढणारे होते. मावशीनं उभ्या जन्मात चिमटा काढला नाही आणि त्याचा तिला ताठा होता. ती म्हणायची, "दुखलं म्हणून रडणारं पोर पडद्यावर खोटं दिसतं. पोराला काहीतरी हवं असलं पाहिजे, आणि ते समोर दिसलं पाहिजे. मग बघा."

तिची आणखी एक खुबी होती, ती म्हणजे बाही. पोराला धरणारा हात पडद्यावर दिसतोच. नटीनं हात लावला की पोर लाकडासारखं ताठ होतं, कारण पोराला चेहरा फसवतो पण हात फसवत नाही. म्हणून नटीच्या अंगावर जो कपडा असेल त्याची एक जादा बाही मावशीसाठी शिवून घ्यायचे. खांद्यापासून मनगटापर्यंत नुसती बाही, वर बांधायला नाडी. मावशी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसणार, तिचा हात तेवढा आत जाणार. लोकांना वाटायचं, वा, काय आई आहे! मावशीची नखंसुद्धा नटीसारखी कापलेली असायची. अशा किती आयांचे हात ती झाली, ते तिनं मोजलं नाही.

आता जुळ्यांचं सांगतो.

एक विनोदी सिनेमा निघाला होता. घरात पहिलं पोर येतं आणि घर डोक्यावर घेतं, अशी गोष्ट. अकरा महिन्यांचं पोर हवं होतं. पण नियम असा की इतक्या लहान पोराला दिव्याखाली दिवसातून ठरावीक वेळच ठेवायचं, म्हणून सिनेमावाले एका भूमिकेला जुळी पोरं घेतात. एक दमलं की दुसरं. या जुळ्यांची आई इस्त्रीच्या दुकानात काम करायची. बाप बाहेरगावी ट्रकवर, महिना महिना घरी नसायचा. दोन्ही काखेत दोन पोरं घेऊन ती बाई दारात उभी राहिली तेव्हा तिच्याच डोळ्यांत झोप होती. पोरं म्हणजे एका साच्यातून काढलेल्या दोन विटा. कोण कुठला, देव जाणे.

त्या सकाळी एक पोर आल्यापासून रडत होतं. दुसरं छताच्या पंख्याकडे बघून खदाखदा हसत होतं. मावशीला ठरवायचं होतं, कुणाला कशासाठी वापरायचं. तिनं दोघांना एकेकदा उचललं, खाली ठेवलं आणि म्हणाली, "हा रडका. तो हसरा." आणि खूण म्हणून रडक्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला लाल नखपॉलिशचा ठिपका लावला.

झालं. सहायकानं कागदावर तसंच लिहिलं. सकाळी हसरा, दुपारी रडका. चहावाल्यालाही तेच पाठ झालं. आईसुद्धा फोनवर नवऱ्याला सांगायची, "हसऱ्याचं झालं, रडक्याचं राहिलंय."

रडक्याला रडवायची युक्ती मावशीनं पहिल्याच दिवशी शोधली. आईला समोर खुर्चीवर बसवायचं, हसऱ्याला तिच्या मांडीवर द्यायचं, आणि आईनं रडक्याकडे बघायचं नाही. मावशी याला 'मांडी दाखवणं' म्हणायची. मांडी दाखवली की रडक्याचा खालचा ओठ बाहेर यायचा, थरथरायचा, आणि मग जो काही सूर लागायचा की ध्वनीवाला कानावरचं काढून ठेवायचा. आईला दोनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा तिला आपोआप यायला लागलं.

सिनेमा धो धो चालला. हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात, लोकांच्या अक्कलदाढा दिसल्या. जुळ्यांची आई एका खोलीतून दोन खोल्यांत गेली. घरात स्वतःचा नळ आला. याबद्दल तिला नावं ठेवायचं कारण नाही. ज्यानं सार्वजनिक नळावर दोन पोरं घेऊन रांग लावलीय त्यानंच ठेवावीत.

दोन वर्षांनी दुसरा भाग निघाला. दुसरा भाग काढायचा तर घरात दुसरं पोर आणायचं, हे सिनेमावाल्यांचं सरळ गणित. थोरला आता तीन वर्षांचा. धाकटा येतो, कानामागून येऊन तिखट होतो, आणि थोरल्याची सद्दी संपते. मग थोरला धाकट्याला घालवायच्या मागे लागतो. त्याच्या कपाळाला तिकिटं चिकटवून त्याला पोस्टाच्या पेटीखाली ठेवून येतो. शेजारणीच्या भाजीच्या पिशवीत घालतो. दुकानदाराला म्हणतो, हे घ्या, बदल्यात सायकल द्या. आणि शेवटाकडे एक प्रसंग होता. सगळे डाव फसल्यावर थोरला स्वयंपाकघराच्या दारात येतो, आईच्या मांडीवर धाकटा झोपलेला बघतो, आणि रडतो. मग आई दुसरी मांडी मोकळी करते. संपलं.

दिग्दर्शक म्हणाला, "मावशी, या रडण्यावर सगळा सिनेमा टांगलाय. हा खिळा निघाला तर दार पडलं."

"रडका आहे ना आपला?" मावशी म्हणाली. "मग खिळ्याची काळजी मी करते."

पहिल्या दिवशी पोरं आली. हसरा धावत आला, मावशीच्या पायाला मिठी मारली, तिच्या पिशवीत हात घातला, विचारलं, "काय आणलंस?" रडका मागून आला. अंगठ्यावर लाल ठिपका ताजा होता. आईनं तो दोन वर्षं न चुकता लावला होता. तो आला, जिथे उभं राहा म्हणाले तिथे उभा राहिला. सेटवरच्या लाकडी पायरीवरून उतरताना त्याचा पाय सरकला आणि तोंड आपटलं. ओठ फुटला. चार माणसं धावली. पोर उठलं, आजूबाजूला बघितलं, बाहीनं रक्त पुसलं आणि परत आपल्या जागेवर जाऊन उभं राहिलं.

कपडेवाली ओरडली, "अरे देवा, शर्ट!"

मावशी मात्र पोराच्या तोंडाकडे बघत राहिली. तीन वर्षांचं पोर पडलं तर आधी बघतं, कुणी बघतंय का. मग रडतं. यानं बघितलं, चार जण बघत होते, तरी रडलं नाही.

पहिल्या आठवड्यात पोस्टाची पेटी झाली, भाजीची पिशवी झाली, सायकल झाली. हसऱ्यानं बहार केली. धाकट्याच्या जागी बहुतेक वेळा रबराचं बाळ असायचं. दिवेवाले त्याला 'धाकटे साहेब' म्हणायचे. "सगळ्यांत गुणी नट," ते म्हणायचे, "भूक नाही, झोप नाही, आई बरोबर नाही."

मग रडण्याचा दिवस आला. स्वयंपाकघर उभं केलेलं, तीन भिंतींचं. चुलीवर न शिजणारं भांडं. नटीच्या अंगात हिरवा स्वेटर. मावशीच्या उजव्या हाताला तसलीच हिरवी बाही, कारण शेवटी आईचा हात थोरल्याला जवळ ओढतो, तो हात मावशीचा असणार होता.

मांडी दाखवली. खऱ्या आईला कॅमेऱ्यामागे बसवलं, हसऱ्याला तिच्या मांडीवर दिलं. रडका दारात उभा राहिला आणि ते दृश्य बघत राहिला, आपण बसची वाट बघतो तसा.

परत दाखवली. मग त्याच्या हातातलं खेळणं काढून घेतलं. त्यानं हात तसाच पुढे ठेवला, मग खाली केला. आई दाराबाहेर निघून गेली. त्यानं दाराकडे एकदा बघितलं आणि पायाच्या अंगठ्याशी खेळत बसला. डोळ्यांत पाणी यावं म्हणून नट घालतात ते औषध लहान पोराला चालत नाही. हसऱ्याला उभं करून बघितलं. तो रडला, नाही असं नाही, पण त्याचं रडणं म्हणजे दारावरची घंटी. वाजवली की कुणीतरी उघडणारच, हे त्याला माहीत. कॅमेरावाला मान हलवून म्हणाला, "हे रडतंय की जेवायला मागतंय?"

पहिला दिवस गेला. दुसराही गेला. दिग्दर्शक मावशीशी बोलायचा बंद झाला, आणि हे त्याच्या ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं जुळ्यांच्या आईला कपड्यांच्या खोलीत गाठलं.

"खरं सांग. पोराला काय झालंय?"

"काय होणार? हट्टी झालाय."

"हट्टी पोर आरडतं. हे गप्प आहे."

आई पोरांच्या चड्ड्यांची घडी घालत होती. इस्त्रीवालीचा हात, घडी अशी की धार निघावी. म्हणाली, "मी तर सराव चालू ठेवला होता, मावशी. तुम्ही शिकवलेला. दुसरा भाग येणार म्हणून कळलं तेव्हापासून रोज संध्याकाळी. हसऱ्याला घ्यायचं, ह्याच्याकडे बघायचं नाही. म्हटलं, सवय मोडायला नको. आधी छान रडायचा. तास तास रडायचा. मग अर्धा तास. मग..." तिनं घडी उलगडली आणि परत घातली. "मग हळूहळू बंदच झाला."

मावशी कपड्यांच्या पेटीवर बसली. "अगं, ते सेटवर करायचं. दोन मिनिटं. झालं की उचलून घ्यायचं, ते नाही बघितलंस?"

"उचलून घेतलं तर दुसऱ्या दिवशी रडेल का?"

धंद्याच्या हिशेबानं बाई बरोबर होती.

"आणि तो आधीपासून रडकाच ना," आई पुढे म्हणाली. "तुम्हीच ओळखलंत. नाहीतर आधी मला दोघं सारखेच वाटायचे. त्या दिवशी तर त्याचा कान फुटलेला, म्हणून जरा जास्तच."

"कुठल्या दिवशी?"

"पहिल्या. तुम्ही ठिपका लावलात ना, त्या दिवशी. रात्रभर कान वाहत होता. आठवड्यानं बरा झाला."

"मला का नाही बोललीस?"

"आजारी पोर आणलं म्हणून परत पाठवलं असतं तर?"

रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात. इथं एका दुखऱ्या कानासाठी पोर एक सकाळ रडलं, आणि त्या रडण्याचं त्याला नाव पडलं, खूण पडली, घरातली जागासुद्धा ठरली. आणि ठिपका लावणारा हात कुणाचा, तर चिमटा न काढणारीचा.

आई हलक्या आवाजात म्हणाली, "मी एक ठरवलंय. उद्या सकाळपासून त्याला काही खायला देत नाही. आणि इथं आणतात त्या गाडीत एकटा बंद ठेवते तासभर. तुम्ही मध्ये पडू नका. हे गेलं तर घर गेलं, मावशी."

"आजचा दिवस थांब," मावशी म्हणाली. "संध्याकाळपर्यंत माझ्याकडे दे. तोवर त्याला हात लावू नकोस."

असं सगळं त्या एका दिवसावर आलं. पोर आज रडलं तर सुटलं. नाही रडलं तर उद्या उपाशी, गाडीत.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. माणसं बाहेर गेली. तीन भिंतींच्या स्वयंपाकघरात एकच दिवा चालू राहिला होता. कॅमेरावाला तेवढा आपला डबा घेऊन कॅमेऱ्यापाशी खात बसला, तो मशीन सोडून उठत नसे. मावशी चुलीजवळ जमिनीवर बसली, भिंतीला पाठ लावून. पोराला हाक मारली नाही. नुसती मांडी घालून बसली. पोर दारात होतं. बराच वेळ होतं. मग ते जवळ आलं आणि कुठं उभं राहायचं ते सांगतील म्हणून थांबलं.

तिनं त्याला उचलून मांडीवर घेतलं.

पोर ताठ झालं. हातपाय लाकूड. मावशीच्या डोक्यात त्या क्षणी शूटिंग नव्हतं, हे खरं आहे, आणि पुढं जे झालं त्यानं ते खोटं होत नाही. थंडीत जन्मलेलं वासरू बाप असाच घ्यायचा, गप्प बसून, हातानं चोळत. तिनं पोराचे तळवे चोळले. पोटऱ्या चोळल्या. लाल ठिपक्याचा अंगठा मुठीत धरून ठेवला. डोकं हनुवटीखाली घेतलं आणि गळ्यातल्या गळ्यात घुमायला लागली. किती वेळ गेला, कॅमेरावाल्याचा डबा संपला एवढं खरं.

आधी पोराचं पोट हललं. मग खांदे. मग एक आवाज आला, रडण्याचा नव्हे, जड दार ओढल्यावर येतो तसा. आणि मग ते रडायला लागलं. तोंड उघडून, डोळे मिटून, तिची बाही दोन्ही मुठींत धरून. वर्षभराचं साचलेलं. त्यात हट्ट नव्हता, मागणी नव्हती. मावशी त्याच्या केसांत तोंड घालून म्हणत होती, "हो राजा. हो सोन्या. रड. रड बाबा."

मग तिला कॅमेऱ्यावरचा बारीक लाल दिवा दिसला.

कॅमेरावाल्यानं डबा बाजूला ठेवला होता. दिग्दर्शक कधी आला कळलं नाही, चप्पल हातात घेऊन अनवाणी उभा होता, दुसऱ्या हाताची दोन बोटं वर करून, थांबू नका, थांबू नका. त्यांना जे पाहिजे ते सगळं चौकटीत होतं. चूल होती, पोर होतं, आईचा हिरवा हात होता. बाही काढायची मावशी विसरली होती. या धंद्यात वीस वर्षं घातलेल्या बाईकडूनच ही चूक व्हावी, दुसऱ्या कुणाच्या दंडाला बाही बांधलेलीच नसते.

पोराचं तोंड तिच्या छातीत होतं. कॅमेऱ्याला दिसत होता फक्त कान आणि केस. तिला एवढंच करायचं होतं, तसंच बसायचं. फार तर पदर ओढून घ्यायचा.

तिचा उजवा हात वर आला, पोराच्या हनुवटीखाली दोन बोटं गेली, आणि हातानं ते तोंड हलकेच दिव्याकडे वळवलं.

हे तिनं ठरवून केलं नाही. पोर सुटेल, उद्याचं टळेल, असला काही विचार तिच्या मनात आला असता तर निदान तिला पुढं सांगायला तरी झालं असतं. विचार आलाच नाही. वीस वर्षं पोरांची तोंडं दिव्याकडे वळवणारा हात होता, तो वळला.

चार सेकंद पोर दिव्याकडे तोंड करून रडलं. मग डोळे उघडले. समोर दिवा, कॅमेरा, अनवाणी माणूस. पोरानं हनुवटीखालच्या बोटांकडे बघितलं. मग बाहीकडे. आणि नळ बंद करावा तसं ते बंद झालं.

"कट," दिग्दर्शक कुजबुजला, आणि मग टाळ्या वाजवायला लागला. माणसं धावत आली. "मावशी, पायाचं तीर्थ द्या आम्हाला!" कुणीतरी ओरडलं. पोर आपणहून मांडीवरून उतरलं आणि दारात आपल्या जागेवर जाऊन उभं राहिलं.

जुळ्यांची आई गर्दीतून पुढे आली. "काय केलंत, मावशी?"

"जवळ घेतलं."

"एवढंच?"

"एवढंच."

आईनं मान हलवली. शिवणातला नवा टाका बघून घ्यावा तसं तिनं ते बघून घेतलं. "हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात वाईटपणा नव्हता. मावशीनं बाहीची नाडी सोडायला घेतली. गाठ बसली होती. कपडेवालीनं ती कात्रीनं कापली.

सिनेमा पहिल्यापेक्षा जास्त चालला. मावशी एकदा दुपारच्या खेळाला जाऊन बसली, मधल्या रांगेत. पोस्टाच्या पेटीला लोक हसले, सायकलीला हसले. मग ते रडणं आलं. भिंतीएवढं तोंड, उघडं. हनुवटीखाली हिरव्या बाहीतली दोन बोटं. बाजूची बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "बघा, आई ती आई. पोर रडतंय तर तोंड वर करून बघतेय कशी." आणि तिनं डोळे पुसले, आणि पुढच्याच प्रसंगाला हसायला लागली. मावशी उठली. रांगेतल्या सगळ्यांचे गुडघे ओलांडून बाहेर यावं लागलं. एक जण म्हणालाच, "आजी, आत्ता कुठं रंगात आलंय!"

तिनं काम सोडलं. तिच्या जागी आता एक तरुण बाई आहे, ती पोरांना मोबाइल दाखवते आणि काढून घेते. त्यानंही चालतं म्हणे. मावशी पुन्हा कपडे धुते, एका रुग्णालयाच्या धुण्याच्या खोलीत. तिथल्या चादरींना बाह्या नसतात.

तिसऱ्या भागाची बोलणी सुरू झाल्याचं तिच्या कानावर आलं तेव्हा ती जुळ्यांच्या घरी गेली. आई दारातच म्हणाली, "बरं झालं आलात. रडक्याचं एक नवीनच झालंय. कुणी जवळ घेतलं की रडतो. लगेच. काही करावं लागत नाही."

"मग तू घेतेस का जवळ?"

"रोज नाही घेत. म्हटलं, सवय झाली की परत बंद होईल."

मावशी आत गेली. हसरा बाहेर खेळायला गेला होता. रडका खिडकीपासून लांब, भिंतीशी बसून एक मोडकी गाडी पुढे-मागे करत होता. अंगठ्यावर ठिपका होता. मावशीनं पिशवीतून कापूस आणि नखपॉलिश काढायची बाटली काढली. ती तेवढ्यासाठीच आली होती. पोराचा पाय मांडीवर घेतला आणि अंगठा पुसला. अडीच-तीन वर्षांचे थर, कापूस तीनदा लाल झाला. खाली नख निघालं, पिवळट, कोवळं. पोर बघत राहिलं.

मग तिनं दोन्ही हात पुढे केले. अंगात साधं लुगडं, बिनबाह्यांची चोळी, हात उघडे, धुण्याच्या सोड्यानं सोलवटलेले. "येतोस?"

पोर उठलं. तिचा उजवा हात धरून त्यानं उलटा करून बघितला, दंडापर्यंत. तिच्या मागं डोकावून बघितलं. मग वळलं आणि तिच्या मांडीवर नीट बसलं, पाठ ताठ.

"मावशी," ते म्हणालं, "आज कुणीकडे बघायचं?"

"कुणीकडेच नाही, राजा. हवं तिकडे बघ."

पोरानं थोडा वेळ विचार केला. मग खिडकीतून ऊन येत होतं तिकडे तोंड केलं, हनुवटी वर केली, आणि थांबलं.